वाट दाखवायचा धंदा

वडशात भाड्याने मिळत नाही अशी वस्तू शोधावी लागेल. नाटकाचा पडदा मिळतो, राजमहालाचा देखावा मिळतो, पेटी मिळते आणि ती वाजवणाराही मिळतो, पुण्या-मुंबईहून आलेली नटी मिळते. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची कार्यालयं आमच्या गावात दाटीवाटीने बसलेली आहेत. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया अशा चारही जिल्ह्यांतले गावकरी येतात, नाटक ठरवून विसार देऊन जातात, आणि मग होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. २०२३ साली याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना आमचं गाव कळलं. या सगळ्यात आमच्या घराचा वाटा एवढाच, की नटमंडळींना त्या गावापर्यंत नेणारी गाडी आमची. म्हणजे रानात वाट दाखवायचा धंदा आम्ही फार आधीपासून करत होतो. त्याला पर्यटन म्हणतात हे मात्र उशिरा कळलं.

रात्रीच्या त्या फेऱ्यांत कित्येकदा नाकाबंदी लागे. गाडीत मुकुट घातलेला राजा, अर्धी रंगलेली राणी आणि गदा मांडीवर घेतलेला सेनापती बसलेला असे. शिपाई बॅटरी मारून सगळ्यांकडे बघून हसे, आणि ओळखपत्र मात्र ड्रायव्हरचं मागे. नाव वाचून एकदा परत चेहऱ्याकडे बघे. राजा आतून ओरडे, ‘अरे, आपलाच आहे तो, प्रयोगाला उशीर होतोय!’ आणि आम्ही सुटायचो. राजाच्या शब्दाला रात्री दोन वाजता वजन असतं.

आमच्या आधी अब्बा तेंदूपत्त्याच्या ट्रकवर होते. मे महिन्यात कुरखेडा, कोरची, मालेवाडा, पुराडा या भागात गावोगावच्या फळीवर सत्तर-सत्तर पानांचे पुडे वाळत पडलेले असत, ते भरून आणायचं. महिनाभराचं काम, पण त्या महिनाभरात अब्बांनी या रानातला प्रत्येक बैलगाडीचा रस्ता, प्रत्येक नाला चाकाखाली घातलेला. नकाशा त्यांना वाचता येत नसे. ‘दोन मोहाची झाडं सोडून तिसऱ्याला डावीकडे’ हा त्यांचा नकाशा. पुढे ग्रामसभांना पत्त्याचे हक्क मिळाले, ठेकेदार बदलले, काही गावं स्वतःच लिलाव करू लागली, आणि अब्बांचं काम सुटलं. ते त्यावर कधी कुरकुरले नाहीत. पत्ता ज्याच्या गावचा त्याने विकावा, असं ते म्हणत. अब्बांची ही बारीकशी न्यायबुद्धी पुढे आम्हाला बरीच महाग पडली, ते येईलच.

धंद्याची कल्पना मात्र बर्फातून आली. २०१७ च्या हिवाळ्यात थोरले भाईजान जमातीबरोबर चाळीस दिवसांच्या चिल्ल्यावर काश्मीरला गेले. अमीरसाहेबांची परवानगी काढून एक दिवस यजमानांबरोबर गुलमर्ग बघून आले. परतल्यावर आम्हाला वाटलं, आता दीनच्या चार गोष्टी ऐकायला मिळतील. त्या मिळाल्याच, पण त्याहून जास्त वेळ ते एका गाडीबद्दल बोलत राहिले. पुढे दोन पाट्या, मागे दातेरी पट्टा, वर मोटारसायकलसारखी बैठक. बर्फावरून ती धावते. स्थानिक पोरगा हँडल धरतो, मागे पाहुणा बसतो. पोराला ठाऊक असतं बर्फ कुठे पोकळ आहे, कुठल्या उतारावरून हिमकडा सुटतो. पाहुणा पैसे देतो ते गाडीचे नाही, त्या माहितीचे.

‘अपने पास बर्फ नहीं, जंगल है,’ भाईजान म्हणाले. ‘बाकी सब वही है.’

अम्मी म्हणाल्या, ‘अल्लाहच्या रस्त्यात गेला आणि गाडी घेऊन आला.’ पण गाडी आलीच. साडेतीन लाखांना एक जुनी मारुती जिप्सी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना जोर असलेली. १९८५ पासून ही गाडी देशात निघत होती आणि नेमकी आम्ही घेतली त्याच सुमारास, २०१८ च्या अखेरीस, कंपनीने ती बनवणं थांबवलं. त्यामुळे सुटे भाग शोधणं हा एक वेगळाच धंदा होऊन बसला. कुणी नागपूरच्या भंगारातून क्लच प्लेट आणावी, कुणी गोंदियाहून स्प्रिंगपट्टा. छप्पर कापून मागे उंच बाकडी बसवली, पासिंग केलं, एमएच ३३ ची पिवळी पाटी लावली. परमिट, विमा, फिटनेस हे कागद इतके झाले की अब्बांनी त्यांच्यासाठी हजच्या वेळची जुनी पिशवी काढून दिली.

मग कळलं की जंगलात शिरायला जिप्सी पुरत नाही.

आमच्या चहूबाजूंना वाघ आहेत. पश्चिमेला वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरीचं जंगल, त्यापलीकडे ताडोबा. ते १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नागभीडजवळच्या घोडाझरीला २०१८ मध्ये अभयारण्य केलं. उत्तरेला नवेगाव, १९७५ चं राष्ट्रीय उद्यान, २०१३ पासून नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. पण प्रत्येक ठिकाणी गेट आहे, आणि गेटवर गाड्या नोंदवलेल्या असतात. चालक आणि गाईड शक्यतो गेटलगतच्या गावांतले असावेत असं धोरण आहे. ज्या गावांची गुरं चारायची जागा गेली, लाकूड गेलं, काहींचं तर गावच उठलं, त्यांच्या पोरांना पहिला घास मिळावा म्हणून हा नियम. धाकट्या भावाला तो मान्य नव्हता. ‘वडसा काय परदेश आहे?’ तो विचारायचा. अब्बांनी तेंदूपत्त्याचाच हिशेब लावला: रान ज्याच्या गावचं, वाघ त्याने दाखवावा. घरात दोन दिवस धाकटा आणि अब्बा एकमेकांशी बोलले नाहीत. जिप्सी अंगणात उभी, कोंबड्या तिच्याखाली.

गेटच्या हिशेबात आम्ही बाहेरचे ठरलो, ते एकवेळ समजण्यासारखं. पण पाहुण्यांच्या हिशेबातही ठरायचो. गाडीत बसून दहा मिनिटं झाली की कुणीतरी विचारी, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ आमच्या पणजोबांची कबर वडशाच्या कबरस्तानात आहे. त्याआधीचं कुणाला माहीत नाही, तसं ते विचारणाऱ्यालाही स्वतःबद्दल माहीत नसतं. दुसरा ठरलेला प्रश्न वाचकांपैकी बहुतेकांनी ऐकलेला असेल, ‘मराठी किती छान बोलता हो!’ यावर काय म्हणायचं ते अब्बांनी आम्हाला पढवून ठेवलं होतं: ‘तुम्हीही छान बोलता.’ हे हसून म्हणायचं, पण म्हणायचंच. एका बाईंना ते लगेच कळलं. त्या दिलखुलास हसल्या आणि पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन परत आल्या. बाकीच्यांना अजून कळलेलं नाही.

तर गेटच्या आतलं आमचं नव्हतं. गेटच्या बाहेर काय आहे, याचा विचार सुरू झाला, आणि इथे अब्बा उपयोगी पडले. वडसा हे बराच काळ अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी गाडी जिल्ह्याला शिवते ती इथेच. नागपूरकर, रायपूरकर पाहुणा गोंदियाला गाडी बदलून उतरला की त्याला स्टेशनातून उचलायचा, ज्याची गेटची नोंदणी असेल त्याला गेटपर्यंत पोचवून तिथल्या गाडीवाल्याच्या हवाली करायचा, आणि आधीचा किंवा नंतरचा एक दिवस आमच्या वाटेने फिरवायचा. ही ‘आमची वाट’ अब्बांनी एका संध्याकाळी चहाच्या कपात बिस्किट बुडवत ठरवली.

पहिला मुक्काम नवेगावबांधचा तलाव. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. कोहळी हा समाजच तलाव बांधणाऱ्यांचा. भंडारा-गोंदियात शेकडो वर्षं ज्यांनी पाणी अडवलं, त्यांच्यामुळे झाडीपट्टी धान पिकवते. थंडीत इथे बाहेरून पक्षी येतात. मारुती चितमपल्ली याच रानात वनाधिकारी होते, आणि त्यांनी नवेगावबद्दल लिहिलं म्हणून कित्येक मराठी माणसं आयुष्यात एकदा तरी इथे यायचं ठरवतात. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. पद्मश्री त्याच वर्षीची. त्या पावसाळ्यात एक निवृत्त मास्तर फक्त त्यांच्यासाठी आले, तलावाच्या पाळीवर तासभर बसले, आणि वाघाचं नावही न काढता परत गेले. असे पाहुणे दर आठवड्याला आले असते तर आम्ही सुखी झालो असतो.

दुसरा मुक्काम गोठणगावची तिबेटी वसाहत. १९७२ पासून ती माणसं इथे आहेत. बर्फाच्या देशातून निघून विदर्भाच्या उन्हात वसलेली, हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणारी. भाईजान पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला गुलमर्गची ती गाडी वर्णन करून सांगितली. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्या वेळी याक होते, पेट्रोल लागायचं नाही. भाईजान गप्प झाले. तेवढा वेळ ते गप्प राहिल्याचं आम्हाला दुसरं आठवत नाही.

तिसरा मुक्काम प्रतापगड, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. डोंगरावर महादेव आणि तिथेच ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गा. महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि उरुसही भरतो. ख्वाजा उस्मान हारूनी म्हणजे अजमेरच्या गरीबनवाजांचे पीर. त्यांचा इंतकाल मक्केत झाला असं तजकिऱ्यांत लिहिलेलं आहे, मग हा दर्गा इथे कसा, असं आमचे एक मौलवी पाहुणे चढता चढता विचारत होते. अब्बा म्हणाले, ‘मौलाना, पहले चढ जाइए.’ वर गेल्यावर मौलानांनी फातेहा पढली, चादर वाहणाऱ्या एका गोंड कुटुंबाला बाजूला सरकून जागा दिली आणि तो विषय उतरताना काढला नाही. बर्फाच्या गाडीने निघालेला धंदा आम्हाला असा तळं, तिबेट आणि दर्गा यांच्यापाशी घेऊन आला.

ज्या आदिवासी गावांवरून आमची वाट जाई तिथल्या ग्रामसभेला आधी भेटायचं हेही अब्बांनीच ठरवलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर या जिल्ह्यातली ग्रामसभा म्हणजे नुसती सही घ्यायची जागा राहिलेली नाही. एका गावात आम्हाला तीन तास बसवून ठेवलं आणि चार अटी घातल्या. गाडीत दारू नको. मोहाच्या दिवसांत झाडाखाली गाडी लावायची नाही, कारण फुलं चेंगरतात. पायी वाट दाखवायला गावचाच माणूस घ्यायचा. आणि जेवण गावातच, पैसे बचत गटाच्या हातात. तांदळाची भाकरी, तलावाचे मासे, लाखोरीची भाजी. शाकाहारी पाहुण्यांची सोय झाली, आणि आमच्या घरची कोंबडी चालेल की नाही या पाहुण्यांच्या मनातल्या न विचारलेल्या प्रश्नाचाही निकाल लागला. आम्ही चौथी अट सर्वांत आधी मान्य केली.

गिऱ्हाईक यायला दोन वर्षं लागली. लोकांना गडचिरोली म्हटलं की एकच गोष्ट आठवे. ‘तिकडे सुरक्षित आहे ना?’ हा फोनवरचा पहिला प्रश्न. वडसा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, रेल्वेच्या काठावर आहे, हे सांगून तोंड दुखायचं. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती म्हणून ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्र ठेवलं, तेव्हापासून हा प्रश्न कमी झाला. पण त्याच्या किती आधी आम्ही एक पूर्ण वर्ष गमावलं होतं. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, नाटकं बंद, गेट बंद, गाड्या बंद. त्या काळात जमातीचं नाव घेऊन वाहिन्यांवर जे काही चाललं त्याने भाईजान खचले. गुलमर्गची गोष्ट त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितली नाही. जिप्सीतून आम्ही त्या वर्षी तांदळाची पोती वाटली. तेही एक फिरणंच.

मग जनावरं आमच्याकडे स्वतःच आली. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. धान ओंबीवर आलेला. आमच्या पट्ट्यात हत्ती कुणी बघितलेला नव्हता. कमलापूरचे पाळीव हत्ती दूर दक्षिणेत. एका रात्रीत वर्षाचं धान जायचं, घरं मोडायची. कधी कुरखेड्याकडे, कधी वडशाकडे, कधी अर्जुनी मोरगावकडे. फोन येऊ लागले, ‘हत्ती दाखवता का?’ धाकटा हो म्हणायला निघाला होता. ज्यांचं धान गेलं त्यांच्याच बांधावर गाडी लावून आपण दुर्बिणी वाटायच्या का, एवढंच अम्मींनी विचारलं. २०२३ मध्ये कळपावर नजर ठेवणाऱ्या वनविभागाच्या पथकाचा एक चालक हत्तीने मारला. तोही आमच्यासारखाच, गाडी चालवणारा माणूस. त्या दिवशी धाकटा लवकर घरी आला आणि न बोलता जेवला.

पण खरी कसोटी वाघाने पाहिली. वडसा वनविभागात एक नर वाघ फिरत होता. सीटी १ असं त्याचं नाव पडलं, संघर्षातला वाघ क्रमांक एक. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून त्याने १३ माणसं मारली. शेवटी १३ ऑक्टोबर २०२२ ला त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरला गोरेवाड्याला नेलं. ही झाली बातमी. बातमीत नसतं ते असं, की त्या दहा महिन्यांत सांजेला दार लावून घ्यायची सवय सगळ्या गावांना लागली, बाया सरपणाला दहा-बारा जणी मिळून जाऊ लागल्या, आणि पावसाळ्यात सात्या आणि वास्ते विकायला येणाऱ्या टोपल्या बाजारातून नाहीशा झाल्या. ज्या घरात भात आहे पण तोंडी लावायला रान लागतं, त्या घराला हे कळतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात. पहिला पाऊस पडला की सात्यांची पहिली टोपली अम्मींकडे आणायची आणि बदल्यात ईदची शेवई आगाऊ मागून ठेवायची, असा त्यांचा वीस वर्षांचा व्यवहार. त्यांचा नवरा त्या वर्षाच्या पावसाळ्यात बांबूला गेला आणि संध्याकाळी आला नाही. कुठल्या वाघाने, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. चिखलात दुसरी गाडी जाईना, म्हणून रात्री आमची जिप्सी नेली. अब्बा स्वतः पुढे बसले, कारण ती वाट तेंदूपत्त्याच्या काळची, त्यांच्या डोक्यातली. दोन मोहाची झाडं सोडून तिसऱ्याला डावीकडे. मागच्या त्याच बाकड्यांमध्ये त्याला ठेवून आणलं. सकाळी अब्बांनी गाडी कुणाला धुऊ दिली नाही. स्वतः धुतली, तीन वेळा, मय्यतीला गुसल देतात तशी सावकाश.

तीन आठवड्यांनी मुंबईहून फोन आला. सहा जणांचा गट, मोठे कॅमेरे, पैशाची चिंता नाही. ‘त्या नरभक्षकाचं जंगल दाखवाल का? गेट नको, बाहेरचंच हवं.’ त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती. जिप्सीचा क्लच गेलेला, विम्याचा हप्ता डोक्यावर.

या फोनवर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी बहिणीच्या लग्नावरही झाली नसेल. धाकटा म्हणाला, आपण नाही नेलं तर दुसरा नेईल, आणि तो काकूंना ओळखतही नसेल. हे खरं होतं. भाईजान म्हणाले, रिज्क हलाल आहे की नाही ते गाडीवर नसतं, वाटेवर असतं. हेही खरं, पण भाईजानना क्लचचे पैसे द्यायचे नव्हते. मधला हिशेबी, तो म्हणाला, जंगल वनविभागाचं आहे, परवानगीशिवाय गेलो तर गाडी जप्त होईल, तेव्हा यात नीतीचा प्रश्न येतच नाही. अब्बांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यांना काय बघायचंय? वाघ, की जागा?’ वाघ असेल तर ताडोबाची नोंदणी करून द्या, तिथल्या पोरांना दोन पैसे मिळतील. जागा असेल तर ती जागा आपण आधीच बघितली आहे, ती दाखवायची नाही. आम्ही फोन करून तसं कळवलं. गट आला नाही. दुसऱ्या कुणी नेलं का, ते आम्हाला माहीत नाही.

धाकट्याची नाराजी बरेच दिवस राहिली. त्याला वाटे, आम्ही वाघालाच घाबरतो आहोत. तसं नव्हतं. वाघाशिवाय हे रान रान राहणार नाही हे आम्हालाही कळतं. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं आणि ऑक्टोबरात परत उघडलं, त्या तीन महिन्यांत ताडोबाकडच्या आमच्या नात्यातल्या पोरांनी काय काढलं ते आम्ही पाहिलं आहे. वाघावर चुली पेटतात. पण चूल पेटली की माणूस तिच्यात किती लाकूड घालतो, त्याला सुमार राहत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी पुढून-मागून अडवलं, चित्रफीत सगळीकडे फिरली, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाईडांवर कारवाई झाली. त्या गेटचं नावही गोठणगावच, पण आमचं तिबेट्यांचं गोठणगाव वेगळं. दोन दिवस आम्हाला उगाचच फोन आले. धाकट्याने ती चित्रफीत चार-पाचदा बघितली. मग म्हणाला, ‘मधल्या गाडीवाल्याची चूक नाही. त्याला पुढे जाता येईना, मागे येता येईना.’ ड्रायव्हरला ड्रायव्हरच दिसतो.

आता सांगायचं ते मागच्या दिवाळीनंतरचं. काकूंचा थोरला मुलगा विशीतला आहे. आयटीआय केलं, नोकरी नाही. नाटकाच्या एका कंपनीत पडदे ओढतो. तो संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन जिप्सीच्या बोनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, मले गाईड म्हून ठेवा.’ त्याला रान येतं. बापाबरोबर लहानपणापासून हिंडलेला. चिखलातला पंजा नराचा की मादीचा हे तो गाडीतून न उतरता सांगतो. पक्ष्यांची नावं झाडीबोलीत सगळी पाठ. मराठी पुस्तकातली आम्ही शिकवली तर महिन्यात येतील. असा पोरगा शोधून मिळत नाही. पण आम्ही कुणीच लगेच काही बोललो नाही. पाहुण्यांना काय, ते पहिल्याच तासाला विचारणार, ‘तू कधी वाघ बघितला का रे जवळून?’

त्यानेच आमची अडचण ओळखली. म्हणाला, ‘इचारतीन त सांगीन. नाई इचारलं त नाई सांगनार.’

अब्बा म्हणाले, आईला विचार. तो म्हणाला, विचारलं, ती तुमच्याशी बोलेन म्हणाली.

काकू दुसऱ्या दिवशी आल्या. अम्मींनी चहा केला. आम्हाला वाटलं त्या रडतील, किंवा नको म्हणतील, आणि आम्ही त्यासाठी शब्द जमवून ठेवले होते. त्यांनी आधी रोज किती ते विचारलं. सहाशे आणि जेवण, आम्ही सांगितलं. हंगाम किती दिवसांचा, पावसाळ्यात काय, हे विचारलं. मग पदराखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात नवऱ्याच्या वेळचे सगळे कागद होते: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला, बँकेतल्या मुदत ठेवीची पावती. वन्यप्राण्याने मारलं तर सरकार किती देतं, तो आकडा २०२२ च्या ऑगस्टात वीस लाख झाला आणि २०२४ मध्ये पंचवीस, त्यातलं हातात किती येतं आणि ठेवीत किती जातं, हे त्यांना आमच्यातल्या हिशेबी भावापेक्षा नीट ठाऊक होतं.

‘ते सरकारचं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं काय?’

गाडीचा विमा गाडीत बसलेल्यांसाठी असतो. पोरगा पाहुण्यांना घेऊन पायी उतरला तर तो विमा त्याच्या मागे नाल्यात येत नाही. हे आम्हाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. वर्षाला वीस रुपयांची, दोन लाखांची ती सरकारी अपघात योजना आहे, ती मधल्याने सांगितली. काकूंनी नुसतं बघितलं. मग आम्ही वेगळी अपघात पॉलिसी काढायचं कबूल केलं. हप्ता आमचा, वारस त्या. एजंटाने अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहू विचारलं, तेव्हा पोरगा म्हणाला, वाटाड्या. एजंटाच्या यादीत तो शब्द नव्हता, त्याने ‘इतर’ लिहिलं.

पॉलिसी यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत दोन गट येऊन गेले, पोरगा रोज अंगणात यायचा, हवा भरायचा, काच पुसायचा, आणि गाडी निघाली की फाटकाशी उभा राहायचा. बाराव्या दिवशी कागद आला. काकूंनी तो आमच्याकडून वाचून घेतला, नाव बरोबर आहे का ते दोनदा विचारलं, पिशवीत इतर कागदांच्या वर ठेवला, आणि मग म्हणाल्या, ‘ने आता त्याले.’